चार खुर्च्या, एक टेबल आणि अडखळती जर्मन

गोएथे-इन्स्टिट्यूटच्या 'श्टार्ट डॉइच १' या ए-१ पातळीच्या परीक्षेत तोंडी भाग एकेकट्याने द्यायचा नसतो. जास्तीत जास्त चार परीक्षार्थी एका टेबलाभोवती बसतात आणि साधारण १५ मिनिटे बोलतात. आधी प्रत्येक जण आपली ओळख करून देतो: नाव, वय, देश, गाव, येणाऱ्या भाषा, काम, छंद. मग विषय आणि शब्द लिहिलेली चिठ्ठी उचलून शेजाऱ्याला प्रश्न विचारायचा, शेजाऱ्याने उत्तर द्यायचे. शेवटी चित्राची चिठ्ठी पाहून काहीतरी मागायचे आणि दुसऱ्याच्या मागणीला होकार-नकार द्यायचा. ओळख पाठ करता येते. शेजारी कोणता प्रश्न विचारेल, हे मात्र पाठ करता येत नाही. म्हणजे ज्यांना जेमतेम काहीशे शब्द येतात त्यांनी आपसांत, आयत्या वेळी, समोरच्याचे ऐकून बोलावे, अशी अपेक्षा अगदी पहिल्या पायरीलाच आहे.

आपल्याकडच्या बहुतेक वर्गांत या पायरीची तयारी उलट्या बाजूने होते. शिक्षक विचारतात, वर्ग एका सुरात उत्तर देतो. क्रियापदाची रूपे फळ्यावर चढतात. संवाद पुस्तकातून वाचला जातो. गप्पा 'भाषा आल्यावर' मारायच्या असतात. नवशिक्यांनी पहिल्या महिन्यापासून गटात उत्स्फूर्त बोलावे का, बोलावे तर ते घडवायचे कसे, हा प्रश्न भाषाशिक्षणात दीडशे वर्षांचा आहे. महाराष्ट्रात तो अलीकडे पुण्या-मुंबईबाहेर आला आहे.

जिल्ह्याच्या गावी आलेली जर्मन

पुण्यात जर्मन शिकण्याची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. रानडे इन्स्टिट्यूट, मॅक्स म्युलर भवन आणि अकरावी-बारावीला 'स्कोअरिंग' म्हणून जर्मन घेणारी मुले, असे तिचे ओळखीचे चित्र. गोएथे-इन्स्टिट्यूटची महाराष्ट्रातली केंद्रे दोनच, मुंबई आणि पुणे. चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या तरुणाला जर्मन शिकायची तर नागपूर गाठणे किंवा मोबाइलवर ऑनलाइन वर्ग लावणे, एवढेच पर्याय ठळक होते.

२०२४च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतले बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाबाबत करार झाला. प्रायोगिक टप्प्यात १० हजार जणांना तिकडे पाठवण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. परिचारिका, प्रयोगशाळा सहायक, वीजतंत्री, नळजोडणी करणारे, वाहनचालक अशा कामांची त्यात मोठी यादी होती. भाषेच्या प्रशिक्षणाची जबाबदारी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे आली, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या डाएटचे (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांचे) नाव जर्मनशी जोडले गेले. योजनेच्या गतीबद्दल, नोकऱ्यांबद्दल वेगळा लेख होऊ शकतो. इथे मुद्दा वर्गातल्या माणसांचा आहे. आयटीआय केलेला बल्लारपूरचा तरुण, जीएनएम झालेली आरमोरीची परिचारिका यांना जर्मन हवी आहे ती टक्केवारीसाठी नव्हे, रुग्णाशी आणि मुकादमाशी बोलण्यासाठी. परिचारिकेच्या कामाला तर सहसा बी-१ किंवा बी-२ पातळी गाठावी लागते. ए-१ वर तोंड उघडले नाही तर तिथपर्यंतची वाट फार लांबते.

दीडशे वर्षांचा वाद

व्याकरण आणि भाषांतर हीच भाषा शिकण्याची वाट, या समजुतीवर पहिला मोठा हल्ला जर्मनीतूनच झाला. विल्हेल्म फीटोर या अभ्यासकाने १८८२ मध्ये टोपणनावाने एक पुस्तिका काढली आणि भाषाशिक्षणाने आता मागे वळलेच पाहिजे, असे शीर्षकातच बजावले. त्याच्या चारच वर्षे आधी, १८७८ मध्ये, मॅक्सिमिलियन बर्लिट्झने अमेरिकेत पहिली शाळा काढली होती. तिथे शिकणाऱ्याच्या मातृभाषेला वर्गात मज्जाव होता. दुसऱ्या महायुद्धानंतर ध्वनिफितींवरची घोटून घेण्याची पद्धत आली. १९७०च्या दशकात डेल हाइम्सच्या मांडणीतून संवादक्षमतेचा विचार पुढे आला: वाक्य शुद्ध असणे पुरेसे नाही, ते कोणाला, कधी, कसे म्हणायचे हेही भाषेचेच ज्ञान आहे. २००१ मध्ये युरोप परिषदेने ए-१ ते सी-२ ही शिडी प्रसिद्ध केली. तिच्यात प्रत्येक पायरीचे वर्णन 'माणूस या भाषेत काय करू शकतो' अशा शब्दांत आहे. वर सांगितलेली चौघांची परीक्षा त्याच विचारातून आलेली.

गटाच्या बाजूने सर्वांत रोखठोक युक्तिवाद मायकेल लाँग आणि पॅट्रिशिया पोर्टर यांनी १९८५ मध्ये केला, तोही साध्या अंकगणिताने. ५० मिनिटांचा तास, ३० विद्यार्थी, बराचसा वेळ शिक्षकांच्या बोलण्यात आणि वर्ग सांभाळण्यात जाणारा. तर प्रत्येकाच्या वाट्याला बोलायला जेमतेम अर्धा मिनिट येतो, वर्षभरात मिळून सुमारे एक तास.

हाच हिशेब ए-१ ला लावून पाहावा. गोएथे-इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार ही पातळी गाठायला ४५ मिनिटांचे ८० ते २०० तास लागतात. मधला १२० हा आकडा घेतला आणि २५ जणांच्या वर्गात निम्मा वेळ शिक्षकांचा धरला, तर एकेकाने बोलण्याचा वेळ संपूर्ण अभ्यासक्रमात दोन तासांच्या आत राहतो. त्याऐवजी प्रत्येक तासातली फक्त १५ मिनिटे चौघांच्या गटांना दिली तर तो साडेसात तासांवर जातो. शिक्षक वाढवावे लागत नाहीत, खोली वाढवावी लागत नाही.

पण हे गणित सगळ्यांना मान्य नाही, आणि सर्वांत विचारी आक्षेप भारतातूनच आला आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत इंग्रजी शिकवण्याचा जो प्रयोग केला, तो 'बंगलोर प्रकल्प' म्हणून जगभर अभ्यासला जातो. मुलांना व्याकरण न सांगता कामे द्यायची (वेळापत्रक वाचून गाडी निवडणे, नकाशावरून वाट सांगणे) आणि भाषा त्या ओघात शिकू द्यायची, ही त्यांची पद्धत. एकाकडे असलेली माहिती दुसऱ्याला मिळवावी लागेल अशी कामे, तर्क करावा लागेल अशी कामे आणि मत द्यावे लागेल अशी कामे, ही त्यांची वर्गवारी आजही शिक्षकांच्या प्रशिक्षणात वापरतात. तरीही प्रभूंनी गटकार्य टाळले. नवशिके एकमेकांशी बोलू लागले तर एकमेकांची मोडकी भाषा पक्की करतील, अशी त्यांची धास्ती होती.

ती कितपत खरी ठरली? लाँग-पोर्टर आणि त्याच सुमारास टेरेसा पिका व कॅथरीन डॉटी यांनी जे तपासले त्यावरून असे दिसते की शिकणारे एकमेकांच्या चुका फारशा उचलत नाहीत, आणि गटात बोलताना शिक्षकांसमोर बोलण्यापेक्षा जास्त चुकतात असेही नाही. मात्र गटात बसवले की संवाद आपोआप घडतो, हेही या अभ्यासांनी सिद्ध केलेले नाही. काम असे हवे की दुसऱ्याला विचारल्याशिवाय ते पुरेच होऊ नये. चौघांना एकच उतारा देऊन 'चर्चा करा' म्हटले तर एक हुशार विद्यार्थी उत्तर लिहितो आणि उरलेले तिघे मराठीत गप्पा मारतात. प्रभूंची धास्ती बाजूला ठेवली तरी त्यांनी दिलेली कामे बाजूला ठेवता येत नाहीत.

तोंड उघडते कशाने

लिली वाँग फिलमोर यांनी १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या पाच लहान मुलांचे इंग्रजी वर्षभर न्याहाळले. सर्वांत झपाट्याने पुढे गेलेली नोरा ही मुलगी व्याकरणात हुशार होती म्हणून नव्हे. तिने खेळात लागणारी दहा-वीस तयार वाक्ये जशीच्या तशी उचलली आणि त्यांच्या जोरावर ती खेळात घुसली. कळले नाही तरी कळल्यासारखे वागली. वाक्यांची फोड तिने नंतर केली.

जर्मन शिकवणाऱ्यांच्या परिभाषेत अशा तयार वाक्यांना 'रेडेमिटेल' म्हणतात, आणि आजची जर्मन पाठ्यपुस्तके ती चौकटीत छापतात. अडचण निवडीची असते. नवशिक्यांना आधी मिळतात ती माहितीची वाक्ये: माझे नाव अमुक, मी तमुक गावचा. संवाद चालू ठेवणारी वाक्ये उशिरा येतात किंवा येतच नाहीत. 'वी बिटं?' म्हणजे काय म्हणालात, 'नोख माल' म्हणजे पुन्हा एकदा, 'मोमेंट', जरा थांबा, 'उंड डू?', आणि तुझे काय. 'इश आउख', मीही. 'श्टिम्ट निश्ट', हे खरे नाही. यांतल्या एकालाही विभक्ती लागत नाही. ही सहा वाक्ये पहिल्या आठवड्यात भिंतीवर लावली तर तिसऱ्या आठवड्यात दोन वाक्यांचा संवाद सहा वाक्यांपर्यंत ताणता येतो. इंग्लंडमध्ये हॅम्पशरच्या वाइल्डर्न शाळेत 'ग्रुप टॉक' या नावाने रुजलेल्या पद्धतीचा गाभाही हाच होता. पसंती-नापसंती, सहमती-विरोध दाखवणारी वाक्ये लवकर द्यायची, एखादे चित्र किंवा गाणे पुढे ठेवायचे आणि मुलांना त्यावर वाद घालू द्यायचा.

दुसरी गोष्ट वेळेची. मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांत मोजले तेव्हा प्रश्न विचारून शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात असे दिसले. तीन सेकंद थांबू लागल्यावर उत्तरे लांबली आणि एरवी गप्प राहणारेही बोलू लागले. परक्या भाषेत तर वाक्य डोक्यात जुळवायलाच त्याहून जास्त वेळ लागतो.

तिसरी गोष्ट चुकांची. रॉय लिस्टर आणि लायला रांटा यांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या फ्रेंच वर्गांची नोंद मांडली. विद्यार्थी चुकला की शिक्षक बहुधा तेच वाक्य दुरुस्त करून पुन्हा म्हणत. निम्म्याहून जास्त वेळा हाच मार्ग वापरला गेला, आणि सर्वांत कमी दखल याच दुरुस्तीची घेतली गेली. बोलणाऱ्याचे लक्ष आशयावर असते. 'डेर'चा 'डेन' झाला हे त्याच्या कानांवरून जाते. गट बोलत असताना शिक्षकाने वहीत चुका टिपाव्यात आणि शेवटच्या पाच मिनिटांत त्यांतल्या तीन-चार कोणाचेही नाव न घेता फळ्यावर मांडाव्यात, हा तोडगा अनेक अनुभवी शिक्षक वापरतात.

मराठी माणसाला जर्मनमध्ये काही सवलती आयत्या मिळतात, त्यांचा गप्पांसाठी उपयोग व्हायला हवा. तीन लिंगे आपल्या ओळखीची. 'डू' आणि 'झी' यांतला फरक तू-तुम्हीच्या सवयीमुळे समजावून सांगावा लागत नाही. जर्मन आकड्यात एकक आधी आणि दशक नंतर येतो. पंचवीस, सदतीस म्हणणाऱ्या जिभेला ते परके नाही. म्हणून भाव, वेळ, फोन नंबर यांचे खेळ पहिल्याच आठवड्यात रंगतात. नडते ते क्रियापदाचे दुसरे स्थान, विशेषतः वाक्य 'आज' किंवा 'उद्या'ने सुरू झाले की.

अनेक भाषांचे दोन जिल्हे

चंद्रपूरमधून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. या दोन जिल्ह्यांत एकाच भाषेवर दिवस काढणारा माणूस शोधावा लागतो. गोंडी, माडिया, झाडीबोली. सिरोंचा-राजुऱ्याकडे तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी. बाजारात दोन भाषा मिसळून सौदा करणे इथे रोजचे आहे. पण याच जिल्ह्यांत दुसऱ्या भाषेपुढे गप्प बसलेले वर्गही पिढ्यान्‌पिढ्या आहेत. माडिया बोलणारे मूल आश्रमशाळेत येते, शिक्षक मराठी बोलतात, आणि मूल महिनोन्‌महिने तोंड उघडत नाही. नवशिक्यांच्या मौनाचा प्रश्न इथे जर्मनच्या फार आधीपासून आहे.

त्यावरची उत्तरेही इथली आहेत. त्यांतले एक जर्मन बोलणाऱ्या माणसाशी जोडलेले आहे. व्हिएन्नात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ महायुद्धाच्या काळात जर्मन पारपत्रामुळे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि हैदराबाद संस्थानात अडकले. आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहून ते त्यांची भाषा शिकले. १९४३ मध्ये मारलवाई इथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि देवनागरीत गोंडी वाचनपुस्तके तयार झाली. आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातला राजुरा तालुका तेव्हा आदिलाबादमध्येच होता. मूल ज्या भाषेत बोलते तिथून सुरुवात करायची आणि मग पुढच्या भाषेकडे जायचे, हा त्या योजनेचा क्रम होता.

हेमलकशाला १९७३ मध्ये लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनाही माडिया येत नव्हती. ना पाठ्यपुस्तक, ना वर्ग. रुग्णाला कुठे दुखते हे विचारण्याच्या गरजेतून ती भाषा आली. बाडेन-वुर्टेमबर्गच्या रुग्णालयात जाऊ पाहणाऱ्या परिचारिकेची गरज याच जातीची आहे, दिशा तेवढी उलटी. अलीकडे, २०१९ मध्ये, धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, ती गोंड तरुणांच्या एकत्र जमण्याच्या पारंपरिक घराच्या, गोटुलाच्या, नावानेच.

वर्गात मराठी-गोंडी चालू द्यावी का, या वादात जर्मन अभ्यासक वोल्फगांग बुट्झकाम यांचे मत इथे लागू पडते. १९७३ पासून त्यांनी मांडले आहे की मातृभाषेला वर्गाबाहेर हाकलणे ही चूक आहे. ती थोडी आणि मोजकी वापरली तर परकी भाषा जास्त बोलता येते. त्यांची एक युक्ती सोपी आहे. वाक्य आधी जर्मनमध्ये, मग झटकन मातृभाषेत, मग पुन्हा जर्मनमध्ये. अर्थाची शंका फिटते आणि कानात शेवटी जर्मनच राहते.

आणखी एक गोष्ट मेंढा-लेखाकडून घेता येते. धानोरा तालुक्यातल्या या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क मिळालेल्या पहिल्या गावांत त्याची गणना होते. तिथे ग्रामसभेइतकाच महत्त्वाचा आहे अभ्यासगट. निर्णय ग्रामसभेत होतात, तेही सर्वसहमतीने. अभ्यासगटात निर्णय होत नाहीत, फक्त बोलणे होते. त्यामुळे तिथे चुकीचे, अर्धवट बोलायलाही हरकत नसते. नवशिक्यांच्या जर्मन वर्गालाही अशीच विभागणी लागते. एक वेळ शुद्धतेची, गुणांची, विभक्तीची; दुसरी वेळ नुसत्या बोलण्याची, आणि त्या वेळेत कोणी कोणाला गुण द्यायचे नाहीत. दोन्ही एकाच पंधरा मिनिटांत मिसळले की विद्यार्थी पहिल्या वेळेचे नियम पाळतो आणि गप्प बसतो.

विषय कोठून आणायचे

पाठ्यपुस्तकातला संवाद बर्लिनच्या कॅफेत घडतो. तो शिकायला हवाच, कारण जायचे तिकडे आहे. पण गप्पा माहीत असलेल्या गोष्टीवर रंगतात. एकाच्या कागदावर गडचिरोली-नागपूर एसटीच्या वेळा, दुसऱ्याच्या कागदावर अहेरी-गडचिरोलीच्या. दोघांनी विचारून विचारून जोडगाडी शोधायची. आठवडी बाजारात एकाकडे भाव, दुसऱ्याकडे यादी. ए-२ च्या तोंडी परीक्षेतला शेवटचा भाग तर अगदी असाच असतो. दोघांच्या हाती दोन वेगवेगळी वेळापत्रके देतात आणि भेटीची एक वेळ ठरवायला सांगतात. पर्लकोटा नदीला पूर आला, भामरागडचा रस्ता बंद झाला, आता परीक्षेला कसे पोचायचे? एवढ्या कामाला 'बस', 'नाही', 'उद्या', 'फोन' आणि चार क्रियापदे पुरतात.

अभिनयाची लाज हा अडसर इथे फार मोठा मानायला नको. वडसा-देसाईगंज हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र. हिवाळ्यात गावोगाव रात्रभर नाटके चालतात. दुकानदार-गिऱ्हाईक, डॉक्टर-रुग्ण अशी सोंगे वर्गात घ्यायला सांगितली तर प्रेक्षक म्हणून मुरलेली मुले ती लवकर उचलतात.

अडचणी वेगळ्याच आहेत. वर्गातली बाके हलत नाहीत. १९ वर्षांचा मुलगा ४० वर्षांच्या ताईंना 'डू' म्हणायला कचरतो. तिथे सुरुवातीलाच सगळ्यांनी 'डू' ठरवून टाकणे बरे. ऑनलाइन वर्गात छोट्या गटांच्या वेगळ्या खोल्या करता येतात, पण रेंज गेली की चौघांतले दोघेच उरतात. म्हणून ऑनलाइन कामे जोडीचीच ठेवलेली परवडतात. सर्वांत मोठी अडचण शिक्षकांची. शाळांमधल्या शिक्षकांनीच जर्मन शिकून शिकवावी, अशी वाट धरली तर बरेच जण विद्यार्थ्यांपेक्षा एक-दोन पायऱ्याच पुढे असतील. असा शिक्षक साहजिकच पुस्तकाला धरून राहतो, कारण मोकळ्या गप्पांत त्याला न येणारा शब्द कोणीतरी विचारणारच. त्याला व्याकरणाच्या उजळणीइतकीच गरज आहे ती तयार कामांच्या संचाची, आणि 'हा शब्द शब्दकोशात पाहू' असे वर्गासमोर म्हणण्याच्या मोकळिकीची.

एवढ्या सगळ्यांतून काही गोष्टी बऱ्यापैकी पक्क्या दिसतात. लहान गटात बोलण्याचा वेळ अनेक पटींनी वाढतो, चुका त्यामुळे वाढत नाहीत, आणि तयार वाक्ये व माहितीची देवघेव असलेली कामे नसतील तर गट जर्मन सोडून देतो. शुद्धता मात्र नुसत्या गप्पांतून येत नाही. बी-१ नंतर लेखन आणि व्याकरण यांचा वेगळा सराव लागतोच, आणि तिथे प्रभूंचा आक्षेप पुन्हा वजनदार होतो. त्यामुळे डाएटच्या किंवा खासगी वर्गाच्या वेळापत्रकात ठरवायची गोष्ट छोटी आहे: प्रत्येक तासातली कोणती १५ मिनिटे गटांची, त्या वेळी हाती कोणते काम, आणि चुकांची वही कधी उघडायची. आरमोरीच्या परिचारिकेला बी-२ पर्यंत न्यायचे असेल तर हे उत्तर ए-१ च्या पहिल्या आठवड्याच्या वेळापत्रकातच लिहावे लागेल.